जान आधी की जान आधी

उदगीरकर काकांकडे विरजण मागायला जायचं असेल तर घरात दूध कोमट करून ठेवून जाऊ नये. परत येईपर्यंत ते गार होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते गार तर झालंच, शिवाय कुठल्याशा मांजरानं त्यातलं अर्धं पिऊनही टाकलं.

आम्ही तेव्हा नुकतेच पुण्याहून हैदराबादला आलो होतो. तारनाक्याला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली, आणि समोरच्या दारावर चक्क देवनागरीत पाटी दिसली, 'उदगीरकर'. परमुलखात मराठी पाटी दिसली की पुणेकरसुद्धा मऊ पडतो. मी वाटी घेऊन बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, हडकुळ्या गृहस्थांनी. अंगात बनियन, कमरेला लुंगी, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा.

"काका, आम्ही समोर राहायला आलोय. थोडं विरजण मिळेल का?"

"मिळते की. आत या. बसा." मी बसले. तेही बसले. विरजण आणायला कोणीच उठलं नाही. "विरजन तुमी माझ्याकून घेयलात. मी कुठून घेतलो? कालच्या दह्यातून. ते परवाच्या दह्यातून. असं मागं मागं गेलं की दुनियेतलं पहिलं दही लागते. बरोबर? आता सांगा, त्या दह्याला विरजन कोन दिलं?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

"शाब्बास!" काका एवढे खूश झाले की त्यांचा कपाळावरचा चष्मा घसरून नाकावरच्या चष्म्यावर आला. "कोनालाच ठाऊक नाही! आता दह्याच्या जागी जान ठेवा."

आणि मग जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. पृथ्वीवर आधी नुसतं गरम पाणी आणि चिखल होता, त्यात जान कशी आली, आणि जान आली तेव्हाच जानही आली, की जान आधी होती आणि जान मागाहून. मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी आतून एक ठेंगण्या, गोऱ्या बाई आल्या, माझ्या हातातली वाटी घेऊन गेल्या, विरजण घालून आणून दिली आणि म्हणाल्या, "हौ म्हना आनि जावा. हौ म्हटल्याबिगर सोडत नाहीत ते."

मी हौ म्हटलं आणि सुटले. ह्या सुशीलाकाकू.

काकांची अडचण मला पुढे समजली. उदगीरकडची शेती सोडून त्यांचे आजोबा निजामाच्या काळात हैदराबादला आले, आणि तेव्हापासून त्या घरात 'ण' कोणी उच्चारला नव्हता. पाणी ते पानी, कोण तो कोन. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण काकांना आयुष्यात प्रश्न पडला तो नेमका ह्या एका अक्षरावर उभा असलेला. उर्दूतली जान म्हणजे जीव, आणि मराठीतली जाण म्हणजे आपण आहोत हे कळणं. जगात आधी जीव आला की आधी कळणं आलं, हा काकांचा प्रश्न. आणि त्यांच्या तोंडून तो बाहेर पडायचा तो असा, "जान आधी की जान आधी?"

काकांना ही अडचण आहे हे मान्यच नव्हतं. त्यांनी तोड काढली होती. जीव म्हणायचं असेल तेव्हा ते उजवा हात छातीवर ठेवत आणि कळणं म्हणायचं असेल तेव्हा बोट कपाळाला लावत. सवय झाली की सगळं नीट समजायचं. फक्त फोनवर बोलताना पंचाईत व्हायची. काका फोनवरही हात छातीवर आणि कपाळावर नेत, आणि पलीकडच्याला वाटे, जान जान करणारा हा माणूस कोणाच्या तरी प्रेमात पडलेला आहे.

काकांची सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. जीवशास्त्र ते शाळेत शिकले तेवढंच. पण एकदा दुपारी उन्हात एका लाल सिग्नलखाली उभे असताना त्यांना वाटलं, सिग्नल लाल आहे हे ड्रायव्हरला कळतं, गार्डला कळतं, मला कळतं; पण सिग्नलला कळतं का? तो प्रश्न घेऊन ते घरी आले आणि काकूंना विचारते झाले. काकू भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "नाही कळत. कळलं असतं तर एवढ्या उन्हात उभा राहिला असता का? आता तुमी दळन आना." काका म्हणत, ह्या उत्तरात काहीतरी आहे पण नक्की काय ते निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

बोलायला त्यांना कोणीही चाले. एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षानं दिलसुखनगरला निघाले होते. काकांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "मियाँ, तेरे ऑटो को मालूम है क्या, के वो ऑटो है?"

रिक्षावाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. "साब, इसके मीटर को मालूम नै के वो मीटर है. ऑटो का क्या पूछ रै?"

काका उतरेपर्यंत मीटरकडे बघत होते. उतरताना मला म्हणाले, "हा मानूस विचार केलेला आहे."

काकांच्या विचारांचा जाहीर सत्कार व्हावा असं मनात आणलं ते इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी बोधनकर ह्यांनी. महिन्याच्या कार्यक्रमाला वक्ता मिळत नव्हता हे खरं कारण, पण ते काकांना सांगायचं कारण नव्हतं. बोधनकरांनी फोन करून विषय विचारला. काकांनी फोनवर विषय सांगितला. हात अर्थातच जागच्या जागी गेले असणार, पण बोधनकरांना ते दिसले नाहीत. संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर निमंत्रण आलं: 'जान आधी की जान आधी? वक्ते: श्री. उदगीरकर. कृपया जोडीनं यावे.' जोडीनं यावे हे बोधनकरांनी आपल्या मनानं घातलं होतं.

मंडळाच्या कार्यक्रमाला एरवी पुढची रांगही भरत नाही. त्या दिवशी मलकपेठेच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. बायका गजरे माळून आल्या होत्या. एक गृहस्थ शेरवानी घालून, चार-दोन शेर पाठ करून आले होते. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी नवऱ्याला ओढून आणलं होतं, कारण त्यांच्या घरी आधी आई की आधी बायको हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता आणि एखादा अनुभवी माणूस त्याचा निकाल लावत असेल तर बरंच, असं त्यांचं म्हणणं होतं.

काका उभे राहिले. बोधनकरांनी त्यांच्या एका हातात माइक दिला आणि दुसऱ्या हातात गुलाबाचा गुच्छ. झालं, दोन्ही हात अडकले.

"मित्रहो," काका म्हणाले, "कोनी म्हनते, जान असल्याबिगर जान येनारच कशी? मी विचारतो, आधी जान नसेल तर ह्या जानला कोन विचारते? तुमी जानशिवाय जानची कल्पना करून बघा!"

"वाह!" शेरवानीवाले म्हणाले.

"सुरुवातीला सगळा अंधार होता. गरम पानी होतं. वरून वीज पडली. आनि त्या पान्यात, हल्लू हल्लू, पहिल्यांदा जान हालली!"

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला. तासभर काका जानबद्दल बोलत राहिले आणि तासभर लोक हळवे होत राहिले. शेवटी प्रश्नोत्तरांत त्या बाईंनी उठून विचारलंच, "म्हणजे शेवटी दोघींत आधी कोण?" काका म्हणाले, "बाई, ह्यातच मी आयुष्य घालवलो. दोघीबी एकदमच आल्या असतील, असं मला आता वाटायलंय." नवरा उभा राहून टाळ्या वाजवत होता.

घरी येताना काका भारावले होते. "चैतन्याची ह्या शहराला एवढी भूक आहे, मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. सुशीलाकाकू खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं, नाहीतर मीही फुटले असते.

ह्या यशानं काकांचं डोकं फिरलं. नुसतं बोलून भागणार नाही, म्हणाले, करून दाखवलं पाहिजे. विरजण न घालता दही लावायचं. निव्वळ दूध, ऊन आणि वीज. पहिलं दही जसं लागलं असेल तसं. दही लागलं म्हणजे जान आली, आणि जान आपोआप येते हे एकदा सिद्ध झालं की मग जानकडे वळता येईल. (इथे हात कपाळावर.)

तळमजल्यावरच्या पद्माम्मा त्यांना म्हणाल्या की विरजण नसेल तर मिरचीची देठं टाका, आमच्याकडे टाकतात. काकांनी त्यांना झटकून टाकलं. "मिरचीत आधीच जान आहे. ती चीटिंग झाली."

पद्माम्मा तेलुगू. त्या विरजणाला 'तोडु' म्हणत आणि आदरानं नावापुढे 'गारु' लावत. वाटी घेऊन वर आल्या की म्हणत, "सुशीला गारु, थोडा तोडु दो." तेलुगूत तोडु म्हणजे सोबतसुद्धा, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. एकटं दूध दूधच राहतं, त्याला सोबत दिली की दही होतं, इतका साधा हिशेब. काकांना मात्र सोबत नको होती. त्यांना एकटं दूध हवं होतं.

तो सबंध उन्हाळा गच्चीवर दूध होतं. उकळून, पातेल्यात घालून, वर तारेची जाळी, आणि जुन्या दाराच्या बेलचा ट्रान्सफॉर्मर लावून आत सोडलेल्या दोन तारा. आकाशातल्या विजेची ही घरगुती आवृत्ती. दूध कधी फाटलं, कधी नासलं, कधी हिरवं झालं. एकदा त्याला असा वास सुटला की चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबानं आपल्या घरात काहीतरी मेलंय असं समजून कपाटं बाहेर काढली. काका त्यांच्या दारात जाऊन म्हणाले, "मेलं नाही. जन्माला यायलंय." सोसायटीनं बैठक बोलावली. ज्या मांजरानं माझं दूध प्यायलं होतं, तेसुद्धा गच्चीवर जायचं बंद झालं.

काका खंगायला लागले. दहीभाताशिवाय ज्यांचं जेवण पुरं व्हायचं नाही ते ताटावरून अर्धवट उठायला लागले. मला खरंच वाईट वाटायचं. वेड्यासारखं वागणाऱ्या माणसाला हसणं सोपं असतं, पण तो गप्प बसला की घर भकास वाटतं.

आणि एका सकाळी जिन्यात आरडाओरडा झाला. मी दार उघडलं तर काका पातेलं डोक्यावर धरून गच्चीवरून उतरत होते. "लागलं! लागलं! बघा, हलत नाही!" त्यांनी पातेलं तिरकं केलं. खरोखरच, पांढरंशुभ्र, घट्ट, कवडीसारखं दही होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला एक चमचा खायला लावलं, स्वतः खाल्लं आणि काकूंना म्हणाले, "तुझ्या दह्याहून गोड आहे. तुझं नेहमी जरा आंबट असते."

"हौ," काकू म्हणाल्या.

त्या दुपारी काकू माझ्याकडे कढीपत्ता मागायला आल्या आणि दार लोटून घेऊन हसत सुटल्या. पदरानं तोंड दाबून, भिंतीला टेकून हसत होत्या.

"अर्धा चमचा," त्या म्हणाल्या. "काल दूध गच्चीवर न्यायच्या आधी हळूच घातले. काय करू बाई, मानूस जेवेना झाला. बिचारे एकदा देव व्हायले तर होऊ द्या. माझं काय, अर्धा चमचा जायलंय."

"काकू, ते आता जगाला सांगत सुटतील!"

"सुटू द्या. मी असेपर्यंत बोलायचं नाही बघा, शपथ आहे."

काका सुटलेच. ह्या दह्याला त्यांनी 'स्वयंभू' असं नाव ठेवलं. एका घरात दोन वंश नकोत, भेसळ होईल, म्हणून काकूंचं जुनं विरजण त्यांनी मोरीत ओतलं. काकूंनी ते भांडं निमूटपणे घासून ठेवलं. मग काका स्टीलचा डबा घेऊन दारोदार गेले आणि प्रत्येक घरातलं जुनं विरजण टाकायला लावून स्वयंभू दिलं. पद्माम्मा म्हणाल्या, "मेरा तो तुम्हारे घरकाच है ना जी." काका म्हणाले, ते जुनं झालं, टाका. माझं तर त्यांनी उभं राहून टाकून घेतलं. काही दिवसांत त्या इमारतीत काकूंच्या दह्याचा थेंब उरला नाही. निदान काकांच्या मते.

पुढच्या पावसाळ्यात सुशीलाकाकू गेल्या. चार दिवस ताप आला आणि गेल्याच. त्या घरातली हसणारी बाई गेली ह्याचा मला फार त्रास झाला, आणि अजूनही कढीपत्ता खुडताना त्यांची आठवण होते.

काका कॅनडाला मुलाकडे जाणार असं ठरलं. श्रीकांत त्यांना न्यायला थांबला होता. मी रोज संध्याकाळी डोकावत असे. काका रोज दूध तापवत, रोज विरजण लावत आणि सकाळी तो सगळा वाडगा पद्माम्मांकडे पोचवत. स्वतः खात नव्हते. जगातल्या कुठल्याही विषयावर बोलत नव्हते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर असत.

"काका, दही का खात नाही?"

त्यांनी पातेल्यातल्या दुधाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "तिच्या हातचं काहीच राहिलं नाही बघ. लोनचं संपलं. मेतकूट संपलं. एक विरजन होतं. तिच्या आईकून आलेलं, लग्नात घेऊन आली होती. ते चाललं असतं की अजून. मी मोरीत ओतलो. मोठा जान तयार करनारा!" आणि हात छातीकडे निघाला तो मधेच थांबला. "सगळ्यांच्या घरचं फेकायला लावलो. आता मागू कोनाला?"

काकूंची शपथ त्या असेपर्यंतच होती. मी सांगून टाकलं.

काका ऐकत राहिले. हात छातीवर गेला, तिथून कपाळावर गेला, पुन्हा छातीवर आला.

"म्हनजे ते आपोआप लागलं नाही?"

"नाही काका."

"म्हनजे माझी जान..."

"काकूंचीच."

काका ताडकन उठले. भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "सुशीला! प्रयोगात ढवळाढवळ! हे बरं नाही केलीस तू!" श्रीकांत आतून धावत आला. मी त्याला हातानंच थांबवलं. काका माझ्याकडे वळले. "किती घातली होती?"

"अर्धा चमचा."

"अर्धाच?" ते पुन्हा फोटोकडे वळले. "मला देव करायला अर्धा चमचा? पूर्न तरी घालायचा!"

मग ते स्वयंपाकघरात गेले. वाडगा काढला, ताटात भात घेतला, त्यावर दही घेतलं आणि उभ्या उभ्याच पहिला घास तोंडात घातला. चावत राहिले. मग लहान मुलासारखे हसले.

"आंबट आहे," ते म्हणाले. "तिचंच आहे."

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा दारोदार गेले, आपला दावा मागे घ्यायला. प्रत्येक दारात उभं राहून सांगत होते की पृथ्वीवर जान आपोआप आली असेल, पण ह्या इमारतीत आलेली नाही. इथलं दही सुशीलाचं आहे, कळावं. पद्माम्मा म्हणाल्या, "मेरे को तभीच मालूम था जी. तोडु के बगैर कभी होता क्या?" काका त्यांना हात जोडून वर आले.

निघायच्या दिवशी सकाळपासून काकांच्या गॅलरीत एक पांढरा सुती रुमाल वाळत होता. परदेशी दही नेऊ देत नाहीत, म्हणून स्वच्छ रुमाल दह्यात बुडवून सावलीत वाळवायचा आणि तिकडे गेल्यावर कोमट दुधात टाकायचा, ही युक्ती पद्माम्मांनी सांगितली होती. काका दर दहा मिनिटांनी जाऊन त्याला बोट लावून बघत होते.

विमानतळाची टॅक्सी आली. श्रीकांत सामान लावत होता. इमारतीतले सगळे खाली उतरले होते. काका मागच्या सीटवर बसले. एका हातात काकूंचा फोटो उराशी धरलेला, दुसऱ्या हातात तो घडी घातलेला, कडक झालेला रुमाल. पद्माम्मा रडायला लागल्या, आणि त्यांच्याकडे बघून काकांचेही डोळे भरून आले. नाक वाहायला लागलं, चष्म्यावर थेंब पडले. काका सदऱ्याच्या बाहीला तोंड पुसायची धडपड करत होते आणि ते काही जमत नव्हतं.

"काका, अहो, हातात रुमाल आहे ना," मी खिडकीतून म्हटलं.

त्यांनी हात एकदम मागे घेतला.

"रुमाल कुठला," ते म्हणाले. "जान आहे ती."

दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे हात छातीवरही गेला नाही आणि कपाळावरही गेला नाही. टॅक्सी निघाली.